उलट्या पाटाची विहीर

इकडून या, चिंचेच्या बाजूने. कठड्यावर बसलात तरी चालेल. दगड जुने आहेत, पण माणसं पेलतात. रहाट दिसला ना? त्यावरून विहिरीत उतरणारी मातीच्या लोट्यांची माळ दिसली, पाणी पडायची ही दगडी डोण दिसली. आता डोणीतून निघणारा पाट बघा. साऱ्या वसईच्या पट्ट्यात हिंडून या, विहिरीचा पाट वाडीकडेच जाताना दिसेल. जायलाच हवा, पाणी उपसायचं ते झाडांसाठी. आमच्या करंजआळीचा हा पाट मात्र वाडीकडे ढुंकूनही न बघता तडक खाडीला जाऊन मिळतो. दरवर्षी गावात एखादा नवा जावई येतो, इथे उभा राहतो आणि विचारतो, हा पाट कोणा येड्याने खणला? मग त्याला सांगावं लागतं, जावईबापू, येड्याने नाही, एका बाईने खणला. आणि तिने खणला नसता तर तुम्हाला मुलगी द्यायला इथे गावच उरलं नसतं.

गोष्ट फार जुनी. पोर्तुगीज गेले होते आणि आगगाडी यायची होती, असं म्हातारी माणसं सांगत. म्हणजे नेमकी कधीची ते तुम्हीच लावा. सेरफीन फुर्ट्याड नावाची एक विधवा बाई या वाडीत राहत होती. गाव तिला सेरफीनबाय म्हणे. नवरा इनास, त्याने ही विहीर स्वतः खणली, रहाट बसवला, खाडीच्या बाजूच्या पट्टीत राजेळी केळी लावली आणि एका पावसाळ्यात तापाने गेला. मागे मुलगा कैतान आणि सून पास्कीन. सून पहिलटकरीण, नाताळच्या आगेमागे बाळंत होणार होती.

सेरफीनबाय बोलायला तिखट. तिची जीभ आणि विळा एकाच सहाणेवर लागलेत असं लोक म्हणत. पण आगमनकाळ लागला की तिचं घर बदलायचं. आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, बाळ येशूची वाट बघायचे. त्या दिवसांत आमच्यात लग्न नाही, ढोल नाही, नाच नाही. तिच्या घरात अल्तारावर, म्हणजे देवाच्या वेदीवर, जांभळं कापड चढे. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी परडीत गहू पेरले जात. नाताळच्या रात्री बाळ येशूची मूर्ती जिच्यात निजवायची ती रिकामी गव्हाण पुसून अल्ताराखाली ठेवली जाई आणि तिन्हीसांजेला घरातली सगळी माणसं गुडघे टेकून रोझरीची माळ म्हणत. त्या चार आठवड्यांत ती कोणाला वाकडं बोलत नसे. शेजारणी म्हणत, वर्षभराचं साठवून ठेवते आणि नाताळ झाला की व्याजासकट देते.

त्या वर्षी पाऊस संपून भात कापून झालं होतं. लोक निवांत होते आणि अशा वेळी दर्याने दगा दिला. कार्तिकात वादळ उठलं, भरतीचं पाणी खाडीत चढलं, बांध फुटला आणि दर्या गावात शिरला. घरं वाचली, माणसं वाचली. पण सेरफीनबायचा रहाटाचा बैल दाव्याला बांधलेला होता, तो बुडाला. तिची गळ्यातली रोझरीची माळ, तिच्या आईने दिलेली, पाण्यात गेली. खालच्या अंगाच्या सगळ्या वाड्या मिठाने जळल्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ही विहीर खारी झाली. गावात गोड पाण्याची हीच एक होती. बाकीच्या विहिरी धुण्याभांड्याच्या.

बायका डोक्यावर हंडे घेऊन लांबच्या गावाहून पाणी आणू लागल्या. तिथले लोक तरी किती दिवस देणार? दोनदा देतात, तिसऱ्यांदा तोंड फिरवतात. गुरं नातेवाइकांकडे पाठवली. शेवटी या चिंचेखाली गाव बसलं. गावचा पाटील होता बास्त्याव मच्याड, भला माणूस, पण निर्णय घेताना दगड होई. तो म्हणाला, "आभाळच फाटलं, ठिगळ कुठे लावणार? डोंगराकडे जागा आहे. नाताळची मिस्सा इथल्या देवळात ऐकू आणि दुसऱ्या दिवशी गाव हलवू."

 सेरफीनबायने विहिरीकडे बघितलं. ही विहीर इनासच्या हातची. गावातल्या प्रत्येक पोराचा बाप्तिस्मा याच पाण्याने झालेला. कैतानचा झाला, आता त्याच्या बाळाचा व्हायचा. ते बाळ परक्या पाण्याने ख्रिस्ती व्हावं, हे तिला सोसेना. आगमनकाळाचा पहिला रविवार होता. ती उठली, तो समोर क्रूस दिसतोय ना, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत नवस बोलली. गव्हाणीत बाळ निजवायच्या आधी ही विहीर गोड करीन. नाही झाली, तर इनासने बसवलेला रहाट मी माझ्या हाताने उतरवीन आणि पहिली गाडी माझी निघेल.

बास्त्याव पाटील म्हणे हसला नाही. बाकीचे हसले.

बैल नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बैलाच्या जागी स्वतःचा खांदा लावला. कैतान जोडीला. दांडा ढकलत गोल फिरायचं, लोटे भरून वर यायचे, डोणीत उपडे व्हायचे, रिकामे पुन्हा खाली जायचे. फिरता फिरता तिच्या ओठांवर सवयीने प्रार्थना आली. हात गळ्याकडे गेला, तर माळ नाही. ती थांबली. डोणीत रिकाम्या होणाऱ्या लोट्यांकडे बघत राहिली. मग घरात जाऊन चुन्याची डबी घेऊन आली. पानाच्या वाड्यांचं गाव, चुना घरोघर. तिने दहा लोटे सोडले आणि अकराव्यावर चुन्याचं बोट ओढलं. पुन्हा दहा सोडून पुढच्यावर. साधा लोटा वर आला की नमो मरिया, चुन्याचा आला की स्वर्गातल्या बापाची प्रार्थना. कैतानला वाटलं, आई आता खरंच गेली कामातून. पण त्यालाही ते सोपं पडू लागलं. पायाला शब्दांची लय मिळाली की थकवा उशिरा येतो, हे रोपणीला वाकलेल्या कोणालाही विचारा.

दोन आठवडे असे गेले. दिवसभर उपसा करावा, विहीर अर्धीअधिक खाली जावी, आणि सकाळी बघावं तर ये रे माझ्या मागल्या. तेवढंच पाणी, तेवढंच खारं. सेरफीनबायचे खांदे सोलले. कैतानच्या तळव्यांना भेगा पडल्या. गावातली माणसं जाता येता म्हणत, "सेरफीनबाय, दर्या आटला की सांग हो." एरवी तिने त्यांच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या. पण आगमनकाळ होता. ती पुढच्या लोट्याची प्रार्थना म्हणे.

चूक कुठे होती ते कोणाच्याच लक्षात येत नव्हतं, कारण ती चूक वाडीवाल्याचीच होती. वाडीतल्या माणसाला पाणी फेकता येत नाही. हाताला तशी सवयच नाही. पाट वाडीकडे जात होता, म्हणून उपसलेलं पाणीही वाडीकडेच सोडलं जात होतं, खालच्या जळलेल्या वाफ्यांत. खारं का होईना, पाणी ते पाणी, तिथे पसरेल, सुकेल, पुढच्या पावसात मीठ धुऊन जाईल, असा सरळ हिशेब. दोघांपैकी कोणालाही दुसरं काही सुचलंसुद्धा नाही.

ते उघडकीला आलं ते अल्तारावरच्या कापडामुळे. वादळाच्या पाण्यात भिजून जांभळ्या कापडाचा रंग पार उडाला होता. आगमनकाळ अर्धा सरला आणि अल्तार पांढुरका, हे पास्कीनला बघवेना. अवघडलेली पोर, रहाट ढकलू शकत नव्हती, तर आपल्या परीने काहीतरी करावं म्हणून तिने जांभळीची साल उकळून हंडाभर गडद रंग काढला, कापड बुडवलं आणि उरलेला रंग पाटाच्या टोकाला, खालच्या वाफ्यात ओतून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी सेरफीनबाय रहाट ढकलत असताना लोटा उपडा झाला आणि डोणीत जांभळट पाणी पडलं. मग दुसरा, तसाच. तिसरा, तसाच.

कैतान घाबरून क्रुसाची खूण करू लागला. सेरफीनबायने बोट बुडवून पाणी चाखलं. कडवट आणि खारट. तिने सुनेला हाक मारून विचारलं, रंग कुठे ओतलास? पास्कीन रडवेली झाली. तिला वाटलं, आपण विहीर बाटवली. तिने हाताने वाफा दाखवला, आणि सेरफीनबायला सगळं उमगलं. इतके दिवस ती एकच पाणी उपसत होती. डोणीतून पाटात, पाटातून वाफ्यात, वाफ्यातून वाळूच्या पोटातून परत विहिरीत. तिने सुनेचं डोकं छातीशी धरलं आणि म्हणाली, "रडू नकोस गो पोरी. दोन आठवडे मी देवाला हाका मारतेय. त्याने आज तुझ्या हाताने उत्तर दिलं."

उत्तर मिळालं, पण ते महागात पडणारं होतं. खारं पाणी वाडीत न सोडता खाडीला लावायला हवं, तर तिकडे नवा पाट खणायला हवा. विहीर आणि खाडीच्या मध्ये काय होतं? इनासची राजेळी केळी. गावात तेवढी एकच पट्टी वादळातून वाचली होती, किंचित उंचावर होती म्हणून. घड लागलेले, महिनाभरात उतरवून, वाळवून सुकेळी करायची होती. ती पट्टी मधोमध कापल्याशिवाय खाडीकडे उतार मिळत नव्हता, आणि एकदा तिच्यातून मिठाचं पाणी वाहिलं की दोन्ही बाजूंचं एकही झाड जगणार नव्हतं.

कैतान आडवा आला. "आय, बाच्या हातचं एवढंच उरलंय," तो म्हणाला. "हे गेलं तर डोंगराकडे लावायला कोंबसुद्धा नाही."

"डोंगराकडे जायचंच नाही, म्हणून तर कापायचं," ती म्हणाली.

तिने कोयता हातात घेतला. पहिल्या केळीपाशी गेली, खोडाला हात लावला आणि मोठ्याने रडली. नवरा गेला तेव्हा रडली नसेल इतकी रडली, असं सांगतात. मग डोळे पुसले आणि घाव घातला. एकामागून एक खोडं पडली. कच्चे घड चिखलात लोळले. ते बघायला गाव जमलं, आणि त्या दिवशी कोणी हसलं नाही. वाडीवाल्याने आपली फळती झाडं आपल्या हाताने पाडणं काय असतं, ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. सेरफीनबाय कुदळ घेऊन खणायला लागली. थोड्या वेळाने कुदळीचा दुसरा आवाज आला. तिने वळून बघितलं, तर बास्त्याव पाटील सदरा काढून चरात उतरला होता.

"गाडी मी बांधणारच आहे," तो म्हणाला. "पण तोवर हात रिकामेच आहेत."

पाटीलच उतरला, मग बाकीच्यांना वर उभं राहायची लाज वाटली. पाट खाडीला मिळाला. जुन्या पाटाचं तोंड चिकणमातीने बुजवलं. आणि मग रहाट थांबलाच नाही. एक घर दमलं की दुसरं घर दांड्याला लागे. घरातली म्हातारी डोणीजवळ बसून चुन्याचा लोटा बघे आणि प्रार्थना सुरू करून देई, फिरणारे उत्तर देत. ज्या घरांत बोलाचाली बंद होती तीसुद्धा एकाच दांड्याला खांदा लावून फिरली, कारण नमो मरियाचा अर्धा भाग एकाने म्हटला की उरलेला दुसऱ्याला म्हणावाच लागतो. चौथा रविवारही गेला. पाणी खाली खाली जाऊ लागलं आणि पहिल्यांदाच सकाळी वर चढलं नाही. पण चाखून बघावं, तर खारंच.

नाताळाच्या आदल्या दिवशी सकाळी लोकांनी गाड्या भरल्या. शब्द तो शब्द. बास्त्यावची गाडी इथे, या चिंचेखाली उभी होती. भांडी, वळकट्या, पेटारा, वर काथ्याची जाड दोरी आवळलेली. त्याची एक गाय व्यायलेली म्हणून मागे राहिली होती, ती आणि तिचं वासरू गाडीच्या मागे बांधलेलं. रहाट चालूच होता. दुपारी विहिरीचा तळ दिसायला लागला, आणि नेमकी तेव्हाच लोट्यांची दोरी तुटली. निम्मे लोटे खाली जाऊन फुटले. नुसता चिखल आणि खापऱ्या.

सेरफीनबाय दांड्याला धरून उभी राहिली.  संध्याकाळी मिस्सेसाठी फादर होडीतून येणार, रात्री गव्हाणीत बाळ निजवायचं, आणि दोरी नवी वळायला वेळ नाही. तिने रहाटाकडे वर बघितलं. तो उतरवायचा म्हणजे पहिली खुंटी कोणती काढायची, हे तिला माहीत होतं; इनासने ठोकताना तिनेच धरली होती. तिने खुंटीला हात घातला.

"थांब सेरफीनबाय," बास्त्याव म्हणाला. तो आपल्या गाडीपाशी गेला आणि त्याने दोरीची गाठ सोडली. वळकट्या घसरल्या, भांडी खणखणत जमिनीवर पडली. त्याची बायको ओरडली, "अहो, हे काय चालवलंय?" पण तो दोरी ओढतच राहिला. ती त्याने सेरफीनबायच्या पायाशी टाकली आणि म्हणाला, "गाव बांधायला काढली होती. बघ, विहिरीला पुरते का."

मग दुसऱ्याने आपल्या गाडीची सोडली, तिसऱ्याने सोडली. सगळ्यांच्या दोऱ्या एकत्र पिळल्या. घराघरांतून लोटे, मडकी, हाताला लागेल ते आणून बांधलं. पास्कीनने चुन्याची बोटं ओढली. दांड्याला इतके खांदे लागले की फिरायला जागा उरेना. तळाचा चिखल वर आला, मग गढूळ पाणी, मग नितळ. कोणी चाखायला पुढे होईना. इतक्यांदा चाखून झालं होतं की आता जिभेचा धीरच सुटला होता.

गाडीची दोरी सुटली तसं तिच्या मागे बांधलेलं वासरूही मोकळं झालं होतं. ते गर्दीतून वाट काढत डोणीपाशी आलं, तोंड खाली घातलं आणि प्यायला लागलं. खाऱ्या पाण्याला जनावर तोंड लावत नाही. लावलंच तर झटकून मागे होतं. माणसं बघत राहिली. वासरू पीतच राहिलं, कान हलवत, शेपूट उडवत. पोट टम्म झालं तरी त्याने तोंड उचललं नाही.

सेरफीनबायने ओंजळ भरली आणि प्यायली. मग तिने ओली ओंजळ पास्कीनच्या पोटावर ठेवली आणि हसली. बास्त्याव पाटील चिंचेखाली उभा राहून म्हणाला, "रिकाम्या करा रे गाड्या." तेवढंच म्हणाला म्हणे, आणि मग तोंड फिरवून रडायला लागला.

संध्याकाळी फादर आले, तर खाडीच्या दिशेने नवा पाट वाहतोय आणि अख्खं गाव चिखलाने माखून गातंय. त्यांनी मिस्सेसाठी देवळात नेलेली सेरफीनबायची गव्हाण परत मागवली, या डोणीत ठेवली आणि बाळ येशूला तिच्यात, पेंढ्यावर निजवलं. पाच-सहा दिवसांनी पास्कीनला मुलगी झाली. तिचा बाप्तिस्मा या पाण्याने झाला. त्या मुलीच्या लेकी-सुनांनी आणि त्यांच्या पोरांनी आज ही अर्धी आळी भरलीय. तुमच्या हातातला चहाही त्याच घरातला आहे. केळी मात्र त्या पट्टीत पुन्हा लागली नाहीत. कोणी लावलीही नाहीत.

आता वाड्यांना नळाचं पाणी आहे, पंप आहेत, रहाट कोणाला लागत नाही. पण आजही आगमनकाळ लागला की करंजआळीची घरं पाळीपाळीने इथे येतात. आजी डोणीजवळ बसते, पोरंबाळं दांड्याला लागतात आणि लोट्यांवर रोझरी म्हणतात. चुन्याची बोटं दरवर्षी नव्याने ओढतात. ते काम घरातल्या गरोदर बाईचं. उपसलेलं पाणी या उलट्या पाटाने खाडीला जातं, थेंबही वाडीत वळवत नाहीत. रहाटाच्या दोरीत प्रत्येक घराचा एक पीळ असतो, आणि आगमनकाळात आळीत कोणी सामान बांधत नाही. आखातात जाणाऱ्या पोराचं विमान त्याच दिवसांत असलं तर आया बॅगा लपवतात आणि म्हणतात, नाताळ करून जा.

आणि नाताळाच्या आदल्या दिवशी दुपारी मच्याडांच्या घरची माणसं एक गाडी भरून या चिंचेखाली आणतात. भांडी, वळकट्या, पेटारा, वर दोरी आवळलेली. सगळं गाव गाडीभोवती उभं राहतं. डोणीत पाणी पडतं, एक वासरू मोकळं सोडतात, आणि ते पिईपर्यंत कोणी बोलत नाही. वासराने तोंड घातलं की मच्याडांच्या घरातला सगळ्यात थोरला माणूस गाठ सोडतो. भांडी खणखणत जमिनीवर पडतात आणि त्या आवाजावरून पलीकडच्या गावांनासुद्धा कळतं, की करंजआळी यंदाही कुठे जात नाही.